नदीची ओटी

खिरवडीत पाणी आलंच तर समोरून येणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. नदी समोर, तेव्हा पूरही समोरून. बायडाबाईची उभी हयात या एका समजुतीवर गेली होती, आणि तिच्या सासूचीही.

घर गावापासून जरा फटकून, टेकाडावर होतं. पुढं अंगण, अंगणातून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पायऱ्या संपल्या की भाताची खाचरं आणि खाचरांपलीकडं कोयना. मागं परडं. परड्यात उकिरडा, एक शेवगा आणि त्याच्याही मागं ओढा. ओढा म्हणायचा आपला. उन्हाळ्यात कोंबडीनं पाय न भिजवता ओलांडावा, पावसाळ्यात बाईमाणसानं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. तो ओलांडला की पाऊलवाट चढून वर सड्यावर जायची. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा उघडा माळ. तिथं आजवर गुरांशिवाय कुणी मुक्काम केला नव्हता.

एकसष्ट सालच्या आषाढात मात्र सगळं खोरं त्या सड्याकडं सरकत होतं. खाली हेळवाकच्या अंगाला धरणाची भिंत उठली होती आणि यंदा पाणी अडणार म्हणून साहेब लोक सांगून गेले होते. अडलेलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पलीकडं कोकणात पडणार, त्यावर वीज होणार, त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालणार. बायडाबाईला यातली भिंत तेवढी पटायची, कारण भिंत तिनं पाहिली होती. नदी घुशीसारखी डोंगराच्या बिळात शिरेल, हे काही केल्या पटत नव्हतं. आणि पूर म्हणजे काय हे साताऱ्याच्या साहेबानं तिला शिकवावं? पूर येतो, पाहुण्यासारखा राहतो आणि उतरतो. न उतरणारा पूर तिनं पाहिला नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीला भ्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

शिवाय घराला मान होता. पुराचं पाणी पायरीला लागलं की नदीची ओटी भरायची ती याच घरानं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. नारळ पाण्यात सोडला की धार त्याला ओढून न्यायची, काठावरची माणसं 'घेतला, घेतला' म्हणून ओरडायची, आणि पाणी पाठ फिरवायचं. सासूच्या काळात एकदा पाणी निम्म्या पायऱ्या चढून आलं होतं. ओटी भरली आणि तिथूनच माघारी गेलं. एकच बंधन होतं. ओटी भरल्यावर पाणी उतरेपर्यंत त्या घरानं घर सोडायचं नाही. पाहुणीला पाटावर बसवायचं आणि आपण उठून बाहेर जायचं, असं कुठलं घर करतं?

आता खरी अडचण ऐका. ओटी भरायची ती सवाष्णीनं. बायडाबाईचा नवरा दुसऱ्या लढाईत पलटणीबरोबर गेला तो परत आला नाही, तेव्हा हिंदुराव नुकता रांगत होता. तेव्हापासून तिचा हात ओटीला चालत नव्हता. सासू होती तोवर सासूनं भरली. सासू सवाष्ण गेली आणि त्याच साली हिंदुरावाची बायको, सुलाबाई, या घरात आली. म्हणजे मान बायडाबाईचा आणि हात सुलाबाईचा, असा तो कारभार होता.

आणि सुलाबाईचे दिवस भरत आले होते.

आधीची दोन पोटातच गेली होती. ह्या खेपेला पोर राहिलं, वाढलं, आता पोटातून लाथा मारत होतं. सुलाचे पाय सुजून चकचकीत झाले होते, पण चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की बायडाबाई रोज मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. हिंदुराव तिकडं वाळव्याच्या बाजूला, इस्लामपूरच्या पुढं, सरकारनं दाखवलेल्या जमिनीवर छप्पर घालायला गेला होता. जाताना तो आईला बजावून गेला होता.

"आये, मी ट्रक घिऊन येस्तवर तुमी दोघी सड्यावर जावा. भामामावशी हाय तितं. सुलीला हितं ठिवू नगंस."

"जाऊ की," बायडाबाई म्हणाली होती. कधी जाऊ, ते म्हणाली नव्हती.

भामाबाई ही सुईण. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, धोंडिरामचं घर नदीच्या अगदी कडेला, सगळ्या गावाच्या खाली असायचं. गावानं त्यांना ठेवलंच तिथं होतं. त्यामुळं पाणी पहिलं त्यांच्याकडं आलं, आणि सड्यावर सगळ्यात आधी खोप त्यांचीच उभी राहिली. हिंदुरावाला या जगात ओढून काढलं ते भामाबाईनंच. मग तिच्या मागं बायडाबाईच्या सासूनं खोली शेणानं सारवून घेतली होती, हेही तितकंच खरं. पुढं दोघा नवराबायकोनं बुद्धाची दीक्षा घेतली. गावची मेली गुरं ओढणं सोडलं, हलगी सोडली. बाळंतपण मात्र भामाबाईनं सोडलं नाही. अडलेली बाई कुणाची असते, असं ती म्हणायची.

पाणी खाचरांत आलं तेव्हा गाव निघालं. माणसांनी वासे उतरवले, कौलं उतरवली, देव फडक्यात बांधले आणि ओढा ओलांडून सगळे वर गेले. पाणी खालच्या पायरीला लागलं त्या दिवशी खिरवडीत दोनच माणसं उरली होती, आणि एक पोटात.

सुलाबाई परडी घेऊन पायऱ्या उतरली. बायडाबाई वरून सांगत होती, "सावकास गं बाय, घसरशील." नारळाच्या शेंडीला हळदीचा दोरा तिनंच बांधून दिला होता, दोन गाठी मारून. सुलानं हळदकुंकू वाहिलं, खण सोडला, बांगड्या सोडल्या, नारळ सोडला.

नारळ जागचा हलला नाही.

पाण्याला धारच नव्हती. गढूळही नव्हतं ते, पुराच्या पाण्यासारखं फुसफुसतही नव्हतं. नारळ स्वतःभोवती एकदा फिरला आणि पायरीला येऊन टेकला. सुलानं तो हातानं लोटला. तो पुन्हा आला.

"आत्याबाई, घेत न्हाई वो ती."

असं कधी झालं नव्हतं. पण हार मानली तर ती बायडाबाई कसली! तिनं काठी आणली, नारळ लांब ढोसला आणि सुलाला आत बोलावलं. सकाळी पाहिलं तर नारळ नव्हता.

"घेतला!" ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटत आत आली. "सुले, घेतला गं तिनं! मी म्हनत न्हवते?"

नारळ गेला होता, पण पाणी मात्र एक पायरी वर आलं होतं.

त्या दिवशी धोंडिराम सड्यावरून उतरून आला. परड्यात उभा राहून त्यानं हाक मारली. आत यायची सवय त्याला गावानं लावली नव्हती आणि आता त्याला ती लावून घ्यायची नव्हती.

"बायडाक्का, चला आता. भामानं सांगितलंय, सुलीला घिऊनच ये म्हनून. पाटकुळी घिऊन जातो, काय लाजायचं न्हाई."

"ओटी भरलीया, धोंडिराम. पानी उतरल्याबिगर कसं निगायचं?"

"आक्का, ह्ये पानी उतरायचं न्हाई."

"तू हलगी वाजीवली असतीस तर कवाच उतरलं असतं," बायडाबाई फटकन म्हणाली. हे तिच्या मनात सकाळपासून होतं. पूर्वी ओटीच्या वेळी धोंडिरामचा बाप कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हलगी वाजवायचा. "मान मोडला तुमी. मंग नदी रुसंल न्हाई तर काय करंल?"

धोंडिरामला राग आला असणार. पण तो शांतपणे म्हणाला, "माझा बा वाजवायचा तवा पानी उतरायचं, कारन खाली वाट व्हती त्येला. आता भिंतीनं वाट आडीवलीया. हलगी ऐकून त्ये जानार कुटं? आक्का, तुमी ऱ्हावा पायजे तर. सुलीला सोडा."

आतून सुलाबाई हे सगळं ऐकत होती. ती दाराशी आली. एका हातानं चौकट धरून ती अशी उभी राहिली की कुणालाही कळावं, हिला जायचंय. बायडाबाईलाही ते कळलं. न कळायला ती काही दगड नव्हती.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या आनीक एकदा भरू या. मग म्हनशील तसं."

सुला सोडली तर ओटी भरायला हात कुणाचा? वरून कुणा दुसऱ्या सवाष्णीला बोलवायचं तर मान त्या घराचा झाला असता. दोन दिवसांत सगळंच पाण्याखाली जाणार होतं, पायऱ्या, अंगण, घर, आणि बायडाबाई मान राखत बसली होती! पण आपण तिला हसू नये. ज्याचं सगळं जातं त्याला धरायला काहीतरी लागतंच, आणि तिच्या हाताला तेवढंच लागलं होतं.

धोंडिराम गेला. जाताना ओढ्यात त्याच्या मांड्या भिजल्या. एवढं पाणी ओढ्यात कुठनं आलं, असं त्याच्या मनात आलं असेल तर तो बोलला नाही, आणि बायडाबाई मागं पाहत नव्हती. तिचे डोळे समोरच्या पायऱ्यांना लागलेले होते.

दुसरी ओटी भरायला घरात खण नव्हता. होता तो पहिल्या ओटीत गेला. सुलाच्या ट्रंकेत मात्र एक होता, हिरव्या काठाचा, बाळाच्या कुंचीसाठी तिच्या आईनं धाडलेला.

"त्यो नगं आत्याबाई."

"आगं, ती पोटुशीचीच ओटी घेती. बाळासाठीच म्हनून दे. हिंदुराव चार खण आनंल तुला इस्लामपुरास्नं."

खण गेला. नारळ तर दुसरा नव्हताच, सुपारीवर भागवलं. बांगड्यांचं काय करायचं? बायडाबाईनं सुलाचा सुजलेला हात तेल लावून चोळला आणि दोन-दोन बांगड्या उतरवून घेतल्या. "ऱ्हायल्यात की मागं दोन-दोन," ती स्वतःशीच म्हणाली. हे होईतो दुसऱ्या दिवसाची सांज झाली, तेव्हा सुला पायऱ्या उतरली. आता उतरायला दोनच पायऱ्या उरल्या होत्या. खण पाण्यावर पसरला आणि तिथंच तरंगत राहिला.

सबंध रात्र पावसानं कौलं बडवली. उजाडता उजाडता सुलाबाईनं हाक मारली.

"आत्याबाई, पोटात कळ आली."

बायडाबाई ताडकन उठली. आता तिच्या डोक्यातून नदी, मान, ओटी, सगळं एकदम उतरलं. हे तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. तिनं सुलाच्या पाठीशी वाकळ लावली, चूल पेटवली, पाणी ठेवलं आणि म्हणाली, "पडून ऱ्हा. भामीला घिऊन येती. ही गेले नि ही आले."

तिनं मागचं दार उघडलं.

परडं नव्हतं. उकिरड्याचा माथा तेवढा वर होता, शेवगा पाण्यातून उगवल्यासारखा उभा होता आणि त्याच्यापुढं दोन शेतांएवढं रुंद पाणी, थेट डोंगराच्या उतारापर्यंत. ओढा कुठं होता ते ओळखायला काही खूण उरली नव्हती. नदीनं समोरच्या पायऱ्या सावकाश चढत असताना ओढ्याच्या वाटेनं मागून येऊन घर वेढलं होतं. धावणारं पाणी असं करत नाही. थांबवलेलं पाणी करतं, आणि ते बायडाबाईला कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं?

उकिरड्याच्या कडेला एक नारळ डुलत होता. शेंडीला पिवळा दोरा होता, दोन गाठींचा.

ती बघतच राहिली. समोर सोडलेला नारळ मागच्या दारी आला होता. ओढ्यातून वर आला होता, उलटा! ज्या ओढ्याचं पाणी जन्मभर नदीकडंच धावत आलं, त्यातून नदी आता वर चढत होती. तिनं काही घेतलं नव्हतं. घ्यायला तिथं कुणी नव्हतंच. कोयना आता तिथं नव्हती, नुसतं पाणी होतं. बायडाबाई उंबऱ्यावर बसली.

आतून सुला कण्हली. बायडाबाई उठली आणि पाण्यात शिरली. कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, मग पायाखालची जमीन संपली. तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. शेवग्याची फांदी हाताला लागली म्हणून ती वाचली. ती परत आली, भिजून चिंब, आणि ओरडायला लागली. "धोंडिरामा! भामे! आरं कुनी हाय का रं!" पावसापुढं तिचा आवाज परड्याच्याही बाहेर जात नव्हता.

मग तिनं पितळी परात उचलली आणि उलथन्यानं बडवायला सुरुवात केली. खिरवडीत आजवर बायडाबाईच्या घरासाठी दुसऱ्यांनी वाजवलं होतं. आज पहिल्यांदा ती स्वतः वाजवत होती, आणि वर ऐकणारा धोंडिराम होता. ती बडवत राहिली, खांदा निखळेपर्यंत, परातीला पोचे पडेपर्यंत. सुलाची एक कळ आली की आत धावायची, तिचे हात धरायची, आणि कळ ओसरली की पुन्हा बाहेर.

उतारावर धोंडिराम दिसला तेव्हा तिला रडूच फुटलं.

"सुली आडलीया रं!"

धोंडिराम पाण्याच्या कडेपर्यंत आला, त्यानं पाण्याकडं पाहिलं आणि तो वर पळाला. सड्यावर ना नाव होती, ना ताफा बांधायला केळीचा खांब. पण त्याच्या खोपीत सुकलेले भोपळे टांगलेले होते. नदीकाठी राहताना माशांच्या जाळ्यामागं तो ते पोटाशी बांधून पोहायचा. त्यानं भामाबाईला आधी खाली धाडलं आणि आपण भोपळे आणि बाजलं खाली आणायला लागला.

भामाबाई पलीकडच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिथूनच बाळंतपण करायला लागली. दुसरं ती काय करणार होती?

"पानमोट फुटली का गंऽ?"

बायडाबाई आत धावायची, पाहायची, बाहेर यायची. "फुटलीऽ!"

"डोस्कं दिसतंय का पायऽ?"

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "डोस्कंऽ!"

"मंग भिऊ नगंसऽ! तिला उकिडवी बशीवऽ! पाठीला टेकू देऽ!"

प्रत्येक वेळी बायडाबाई मागच्या दारात येई तेव्हा पाणी उंबऱ्याच्या जरा जवळ आलेलं असे. तिनं तिकडं पाहणं सोडून दिलं. सुलाबाई ओरडत नव्हती; ओरडायचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिनं सासूचा दंड असा धरला होता की नखं आत रुतली. बायडाबाईला ते बरं वाटलं. आणखी रुतावीत असं वाटलं.

पोर बायडाबाईच्या हातात आली. मुलगी होती. निळी पडलेली, गप्प. बायडाबाईनं तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून चिकट काढलं, आणि पोर रडली. एवढ्याशा जिवाचा आवाज पावसातून पलीकडं पोचला आणि भामाबाईनं दोन्ही हात वर केले.

"वार पडू देऽ! नाळ वढू नगंसऽ! म्या आलेच!"

बाजल्याला भोपळे बांधून झाले होते. भामाबाई त्यावर पालथी पडली, बाजल्याच्या दोऱ्या मुठीत गच्च धरून. तिला पोहता येत नव्हतं. धोंडिराम मागून ढकलत पोहत निघाला. बाजलं एकीकडं कलायचं, भामाबाईचं डोकं पाण्यात जायचं, वर यायचं. तेवढं अंतर कापायला त्यांना किती वेळ लागला! बायडाबाईला वाटलं, तेवढ्यात तिचं आयुष्य संपून दुसरं सुरू झालं.

वार पडली नव्हती. भामाबाई आली ती ओल्या लुगड्यानंच सुलाजवळ बसली. तिनं पोट चोळलं, मग हात आत घातला, आणि जे काय तिच्या आईनं, आजीनं तिला शिकवलं होतं ते सगळं केलं. वार आली शेवटी. पण रक्त थांबेना. एक धडपं झालं, दुसरं झालं, वाकळ भिजली, खालची जमीन भिजली. भामाबाईनं एकदा मान वर केली आणि बायडाबाईकडं पाहिलं. ती नजर बायडाबाईला कळली, पण तिनं ती कळू दिली नाही.

"तासभर आधी माझ्या हाताखाली असती तर..." भामाबाई पुटपुटली.

सुलाबाईचा चेहरा तांदळासारखा पांढरा झाला होता. तिनं डोळे उघडले. "पोरगी हाय न्हवं?"

"व्हय गं माझी बाय. तुझ्यागतच हाय."

"पानी उतरलं का वो, आत्याबाई?"

पाणी मागच्या उंबऱ्याला लागलं होतं. बायडाबाईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. "उतरलं गं. दोन पायऱ्या उघड्या पडल्या. तुझा नारळ घेतला तिनं."

सुलाबाई हसल्यासारखं करून म्हणाली, "मंग आता मला वर जाऊ द्या."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. भामाबाईनं नाकापाशी हात धरला, बराच वेळ धरला, आणि काढून घेतला.

बायडाबाई सुलाच्या पायांवर डोकं ठेवून पडली. ते पाय अजून सुजलेले होते, अजून उबदार होते. धोंडिराम दारात उभा होता, अंगातून पाणी निथळत. अखेर तोच म्हणाला, "आक्का, पानी आत येतंय. पोरीला आन् हिला घिऊन निगाय पायजे. दोन खेपा करीन मी."

तेव्हा बायडाबाई उठून बसली. सवाष्ण गेली होती. सवाष्ण घरातून निघते ती ओटी भरून. एवढं तरी सुलाचं व्हायला हवं होतं. तिनं घरात शोधाशोध केली, वेड्यासारखी. ट्रंक उघडली. खण नाही. कणगीच्या तळाशी हात घातला, मूठभर तांदूळ मिळाले. हळकुंड एक सापडलं. बांगड्या नाहीत, सुपारी नाही. जे होतं ते सगळं तिनं पाण्याला वाहिलं होतं. मग ती मागच्या दारात गेली. नारळ आता उंबऱ्यालाच येऊन लागला होता, टकटक करत. तिनं वाकून तो उचलला.

"भामे, तू सवाष्ण हायस. तिची ओटी भर."

भामाबाई पोरीला पदराखाली घेऊन बसली होती. ती खाली पाहून म्हणाली, "बायडाक्का, आमी सोडलं त्ये सगळं. मी भरली तर ती खोटी भरली हुईल, आन् सुलीला खोटं द्यायला माझा हात धजायचा न्हाई." मग तिनं मान वर केली. "तूच भर की. लेकीगत व्हती तुझ्या."

"माझा हात चालत न्हाई गं."

"कोन म्हनतं चालत न्हाई? पोर काडलीस न्हवं ह्याच हातानं?"

बायडाबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. अजून रक्त वाळलं नव्हतं त्यावर. तिनं ते उंबऱ्याशी आलेल्या पाण्यात धुतले आणि सुलाजवळ बसली. सुलाचा पदर पसरला, त्यात तांदूळ घातले, हळकुंड ठेवलं, नारळ ठेवला, शेंडीचा दोरा नीट सारखा केला. आभाळ कोसळलं नाही, भिंत खचली नाही, कुणी अडवलं नाही. इतकं सोपं होतं ते.

इतकं सोपं होतं, तर पहिल्याच दिवशी खालच्या पायरीवर हाच हात का चालला नाही? तिनं स्वतः भरली असती ओटी, आणि सुला दुसऱ्याच दिवशी धोंडिरामच्या पाठीवर बसून सड्यावर गेली असती. भामाच्या हाताखाली बाळंत झाली असती. आता बाजेवर बसून पोरीला पाजत असती. बायडाबाईचं तोंड उघडं राहिलं आणि आतून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटेना. भामाबाईच्या पदराखालची पोर दचकून रडायला लागली.

धोंडिरामनं आधी भामाबाईला आणि पोरीला पलीकडं सोडलं. दुसऱ्या खेपेला त्यानं सुलाबाईला बाजल्यावर ठेवलं आणि बायडाबाईला एका बाजूला धरायला लावलं. मध्यावर बाजलं कललं आणि सुलाच्या ओटीतला नारळ घरंगळून पाण्यात पडला. धोंडिराम थांबला.

"आक्का, नारळ."

बायडाबाईनं हात लांबवून तो पकडला आणि सुलाच्या पदरात परत ठेवला. पलीकडं पोचेपर्यंत तिनं तो हातानं दाबून धरला होता.